जीप, चार शॉकर आणि द्वारकेचे घर

शनिवार, दि. १५ नोव्हेंबर २०२५. सकाळी बुद्धवंदना झाली. नऊला दोन्ही मुले आली. साडेबारापर्यंत आम्ही तिघे खाली जीपपाशी होतो. मग जेवलो. आता अडीच वाजले आहेत आणि डोके शांत आहे, म्हणून लिहायला बसलो.

मी, रावसाहेब नामदेव ढोके, वय ६८, केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त, राहणार द्वारका, नवी दिल्ली, हे मृत्युपत्र राजीखुशीने, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. यापूर्वी असा कागद केलेला नाही. पत्नी रमाबाई गेल्या वर्षी वारली. ती असती तर दोन ओळींत काम झाले असते.

१. राहता फ्लॅट व बँकेतील ठेवी मुलगा हितेश आणि मुलगी लुंबिनी यांना निम्म्या-निम्म्या. यावरून ती भांडणार नाहीत.

२. जीप. या कलमामुळे कागद वर्षभर रखडला. दोघांनाही ती हवी आहे आणि एका जीपचे दोन भाग होत नाहीत. अरवलीच्या खडकांतून ती रमाबाई चालवायची, मी शेजारी बसून रस्ता सांगायचो. जीप पुढेही चालती राहावी, एवढेच मला हवे आहे.

तिचे शॉकर, म्हणजे चाकांचे धक्के गिळणारे दांडे, आता संपले आहेत. नवे लांब चालीचे, म्हणजे जास्त उघडणारे-मिटणारे, घ्यायचे ठरले. एक चाक दगडावर चढले तरी दुसरे खड्ड्यात जमीन सोडत नाही, हा त्यांचा फायदा. आज सकाळी हितेशने फोन पुढे केला.

"बाबा, बारा इंची. बिल्कुल टॉप."

"दादा, मिटल्यावर मावतात का ते बघ ना आधी," लुंबिनी म्हणाली.

"लांब आहेत ना? मग झालं."

"अशोककाकांसारखं बोलू नकोस हं."

मग जुने शॉकर काढले, एक चाक विटांवर चढवले, दुसरे लटकत ठेवले. टेप घेऊन हितेश ऑफिसच्या शर्टासकट गाडीखाली शिरला. दबलेल्या बाजूला शॉकरसाठी जागा निघाली चाळीस सेंटिमीटर. बारा इंच ही नुसती चाल; तो शॉकर पूर्ण मिटला तरी सगळा मिळून चव्वेचाळीस राहतो. हितेशने माप पुन्हा घेतले.

"यार, मी तर ऑर्डर करणार होतो," तो म्हणाला. बाहेर आल्यावर म्हणाला, "बाबा, जीप हिलाच द्या. माझ्याकडे सोसायटीत नुसती उभी राहील. पण शेजारची सीट माझी."

"बेल्ट लावणार असशील तर," लुंबिनी म्हणाली.

म्हणून जीप लुंबिनीला. ती डेहराडूनला नोकरीस आहे. दिल्लीत पेट्रोल गाडीला पंधरा वर्षांचीच मुदत आहे; ती भरण्याआधी तिने नोंदणीचे कागद करून गाडी तिकडे न्यावी, भंगारात देऊ नये. जॅक आणि पान्यांची पेटी हितेशला, म्हणजे तिला त्याला बोलवावेच लागेल.

३. माझा धाकटा भाऊ अशोक याला वाकलेल्या शॉकरची जोडी. दहा वर्षांपूर्वी ती त्यानेच न मापता आणली होती. "वहिनी, लांब तेवढा चांगला. गाडीचं तुम्हाला काय कळतं?" असे तो रमाबाईला म्हणाला होता. अरवलीत दमदमा तलावाजवळ पहिल्याच दगडावर स्प्रिंग पुरती दबण्याआधी शॉकर मिटून टेकले, वाकले आणि एकाचा वरचा कान, म्हणजे तो गाडीला बसवायची कडी, फाटला. रमाबाई त्याला काही बोलली नाही. मीही बोललो नाही. आता बोलतो. बाकी माझा त्याच्यावर राग नाही.

४. माझ्यामागे त्रिशरण, पंचशील पुरे. जेवणावळ नको.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला व त्यांच्यासमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

रावसाहेब नामदेव ढोके (सही)

साक्षीदार:
मुरलीधर तामगाडगे, जुने सहकारी, आर. के. पुरम (सही)
वृंदा केळकर, शेजारी (सही)

स्थळ: द्वारका, नवी दिल्ली
दि. १५/११/२०२५

सह्यांनंतरची नोंद: साक्षीदार चहा घेऊन गेले. मुलेही गेली. मी करोल बागेतल्या दुकानाला फोन लावला, मापे दोनदा वाचून सांगितली आणि मिटल्यावर चाळिसात मावणारे दहा इंची चार शॉकर मागवले.