अंजिरी लुगडं

नांदेड,
२० जुलै २०२३

ती. व्यंकटदादास, सिंधुचा सा. न. वि. वि.

फोनवर तू नुसतं हाव, हाव म्हणतोस आणि मागून अयोध्यावहिनी सांगते की यानला काहीच ऐकू आलं न्हाई. म्हणून आपलं पत्रच बरं. चौतीस वर्षं शाळेत पोरांना पत्रलेखन शिकवलं, आता त्याचा उपयोग सख्ख्या भावावर करते आहे.

बातमी अशी की सिनेमा खरंच होतोय! तू थट्टा केली होतीस ना, की मास्तरणीच्या कादंबरीवर कोण सिनेमा काढतंय? तर लातूरच्याच आनंदराजनं काढलाय. आरती नावाची लातूरची पोरगी आपल्या रुक्मिणआत्याचं काम करणार आहे. काल सगळ्या नटमंडळींना बसवून त्यानं गोष्ट माझ्या तोंडून ऐकवली. निजामाचा काळ, आजोबा गेले, आपले आप्पा पाळण्यात, भावकीचा जमिनीवर डोळा. मग अठरा वर्षांच्या रुक्मिणनं केस कापले, धोतर नेसलं, डोक्याला फेटा बांधला आणि औत धरलं. त्या दिवसापासून गाव तिला अण्णा म्हणायला लागलं. चाळीस वर्षं भावासाठी पुरुष होऊन राहिली आणि जाताना मात्र तिनं आईचं लुगडं मागितलं. एवढं सांगितलं आणि सगळ्यांचे डोळे भरून आले. खरं सांगते, माझी छाती फुगली.

आता तुझ्याकडं काम. कपड्यांचं बघणारी दीपमाला भारी चिकित्सक आहे. त्या लुगड्याचा रंग कोणता होता, असं विचारून तिनं मला भंडावलं. मी तेव्हा दहावीच्या परीक्षेला लातुरात, मी काय सांगणार? लुगडं मागितल्याचंही मला तूच सांगितलं होतंस. तर रंग कळव. आत्याच्या वहाणा, काठी, फेटा असेल तर तुझ्या वैजनाथबरोबर पाठव.

वहिनीला नमस्कार. धोंड्याच्या महिन्यात जावयांना खाऊ घालून झालं की बहिणीचीही आठवण ठेव.

तुझी लाडकी आणि त्रासदायक,
सिंधु

---

सांगवी, ता. चाकूर,
३१ जुलै २०२३

चि. सौ. सिंधुस, व्यंकटचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. वहिनीनं दोनदा वाचून दाखवलं, दुसऱ्यांदा शेजारच्या बायकांना जमवून. त्यामुळं सिनेमाची बातमी आता चाकूरपर्यंत गेली आहे असं समज. कालपासून तिची मान लई ताठ झाली. माझा भाऊबंद मलप्पा विचारत होता की सिनेमात त्याच्या आजोबाला चोर दाखवलाय का. मी म्हटलं, जसं होतं तसं दाखवतील.

सोयाबीन गुडघ्याला आलं आहे. पाऊस दडी मारून राहिला, बघू काय करतो ते. माझा कान तसाच. डॉक्टरनं मशीन घ्या म्हटलं, पण गावात ऐकण्यासारखं आहे तरी काय?

वैजनाथबरोबर वहाणा आणि काठी पाठवतो. वहाणांना तेल लावलं आहे. फेटा पेटीत असेल, पेटीची किल्ली सापडत नाही. लुगड्याच्या रंगाचं आता काय आठवणार, पंचेचाळीस वर्षं झाली. त्या पोरीला म्हणावं, तुला आवडेल तो घे.

तब्येतीला जप. आमची माया अंतरानं कमी होत नाही, तुझीही होऊ देऊ नको.

तुझा दादा,
व्यंकट

---

नांदेड,
१२ ऑगस्ट २०२३

ती. दादास, सा. न. वि. वि.

वहाणा पोचल्या. आरतीनं त्या पायात घातल्या आणि दिवसभर काढल्याच नाहीत. मी दोन दिवस जळकोटला जाऊन आले. तिथल्या माळावर त्यांनी चित्रीकरणासाठी शेत आणि गोठा उभा केलाय. काय सांगू दादा! ती पोरगी धोतराचा सोगा धरून बांधावरून चालत आली आणि मी उठून उभीच राहिले. म्हाताऱ्या बायका बघायला जमल्या होत्या, त्यातल्या एकीनं डोक्यावरचा पदर सावरला. पुरुषमाणूस येताना दिसला की सावरतात तसाच! तो पदर बघून आनंदराज पोरासारखा उड्या मारायला लागला.

फक्त एका ठिकाणी आरती अडते. शेवटच्या प्रसंगात, लुगडं मागताना. तिनं मला बाजूला घेऊन विचारलं की मॅडम, लहान भाऊ मोठा झाला, लग्न झालं, निजाम गेला, सगळी भीती संपली, तरीही यांनी पुढं एवढी वर्षं धोतर का सोडलं नाही? मी म्हटलं, सवय. उत्तर देताना माझं मलाच ते पटलं नाही. कादंबरी लिहिताना हा प्रश्न मला पडला नाही, याची जरा लाजही वाटली.

आणि तू मला फसवू नकोस. मलप्पाच्या आजोबानं कोणत्या साली बांध कोरला ते तुला तारखेनिशी पाठ आहे, आणि लुगड्याचा रंग आठवत नाही? मी तुझ्याच हाताखाली वाढले आहे. पोळा झाला की सतरा सप्टेंबरला तो प्रसंग घेणार आहेत, त्याच्या आत कळव.

वहिनीला आणि वैजनाथला आठवण सांग. रागावू नकोस, पण पत्र चुकवू नकोस.

तुझी,
सिंधु

---

सांगवी,
२१ ऑगस्ट २०२३

चि. सौ. सिंधुस, अनेक आशीर्वाद.

हे पत्र वहिनीला न दाखवता लिहितो आहे. बसून वाच.

लुगडं अंजिरी रंगाचं होतं. नवंकोरं. आप्पांनी चाकूरच्या दुकानातून आणलं. आईचं नव्हतं आणि अण्णांनी ते मागितलंही नव्हतं.

जाण्याआधी दोन दिवस अण्णांनी मला बाजेजवळ बोलावलं. म्हणाले की मला लुगडं नेसवू देऊ नको, फेटा बांध, आणि तूच बांध, तुझ्या बापाला जमायचं न्हाई. मी वीस वर्षांचा. मी धीर करून विचारलं की अण्णा, तुम्ही आप्पासाठीच हे सोंग घेतलं ना? तर हसले. म्हणाले की सोंग असतं तर तुझ्या बापाच्या लग्नातच उतरवलं असतं. लहान होतो तवापासून मी असाच हाय, जमिनीचं निमित्त झालं म्हणून मला मोकळं राहता आलं, एवढंच. मी हाव म्हटलं. जबान दिली.

आणि गेल्यावर भावकी जमली. बाईमाणूस माहेरच्या लुगड्यात जातं असं सगळे म्हणायला लागले, आणि हे घर तर माहेरच. आप्पा सगळ्यांसमोर उभे राहू शकले नाहीत, मग मी कुठला राहतो? चांगुणाकाकूनं लुगडं नेसवलं. केस बारीक, त्यामुळं पदर डोक्यावर टिकेना. काकू पुन्हा पुन्हा ओढत होती आणि तो पुन्हा पुन्हा घसरत होता. मी फेटा हातात घेऊन दारात उभा होतो. मग आत जाऊन पेटीत ठेवून दिला.

तू तिसऱ्या दिवशी आलीस. आप्पा म्हणाले की पोरीला सांग, शेवटी तिनं आईचं लुगडं मागितलं म्हणून, तिला बरं वाटंल. मी सांगितलं. तुला बरं वाटलं. मग तू त्याचंच शेवटचं प्रकरण केलंस, नांदेडला तुझा सत्कार झाला, बाया रडल्या, आणि मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. सिंधु, तुझा अभिमान वाटत होता आणि स्वतःची शरमही वाटत होती. दोन्ही एकदमच.

किल्ली हरवलेली नाही. माझ्या करदोट्याला आहे.

आता तुला काय करायचं ते कर. लोभ ठेव असं म्हणायला या वेळी जीभ रेटत नाही.

व्यंकट

---

नांदेड,
२ सप्टेंबर २०२३

ती. दादास, सा. न. वि. वि.

पहिले दोन दिवस तुझ्यावर इतकी चिडले होते की पत्र फाडायला घेतलं होतं. आमच्या यांनी हातातून काढून घेतलं. पंचेचाळीस वर्षं, दादा! मी शंभर सभांमधून लोकांना सांगत फिरले की पुरुष होणं हा तिचा त्याग होता. ज्या माणसानं मला अंगाखांद्यावर खेळवलं, त्याचं सगळं आयुष्य मी त्याग म्हणून खपवलं. त्यांना ते आयुष्य आवडत होतं, हे मला एकदाही सुचलं नाही. तू खोटं बोललास हे खरं, पण मला ते खोटं हवं होतं म्हणून इतकं गोड लिहिता आलं.

तिसऱ्या दिवशी एसटीनं जळकोट गाठलं. आनंदराजला तुझं पत्र दिलं. त्यानं वाचलं आणि डोकं धरून बसला. म्हणाला की मॅडम, लुगड्याचा प्रसंग हाच सिनेमाचा जीव आहे, पैसे लावणाऱ्यांना तोच आवडलाय, लोक तिथंच रडणार. मी म्हटलं की मी खोट्यावर लोकांना पुष्कळ रडवलंय, आता पुरे. लुगडं राहणार असेल तर माझं नाव काढून टाका. मी मागं हटले नाही. मग आरती उठली. धोतर-बंडीतच होती. म्हणाली की मला महिनाभर जे अडत होतं ते आता सुटलं, आणि अण्णांनी मागितलं नाही ते लुगडं मी मागणार नाही.

दुसऱ्या दिवशी आनंदराजनं शेवटची पानं माझ्यासमोर नव्यानं लिहायला घेतली. आता सिनेमातले अण्णा फेट्यातच जाणार. पुण्याहून आलेला फेटेवाला बांधतो तो वरातीतला दिसतो. म्हणून गावातल्या एका जाणत्या म्हाताऱ्यानं तो बांधावा असं ठरलंय, आणि तो म्हातारा तू आहेस. नाही म्हणायचं नाही.

तुला माफ करणं माझ्या हातात नाही. ज्यांच्या हातात होतं ते गेले. पण ज्यानं इतक्या वर्षांनी का होईना स्वतःच्या हातानं हे लिहिलं, तो माझा भाऊ आहे हे मी सेटवर सगळ्यांना सांगितलं, आणि सांगताना मान वर होती. सतरा तारखेला पेटी घेऊन ये. वहिनीला खरं सांगून ये.

रागासकट तुझीच,
सिंधु

---

सांगवी,
५ ऑक्टोबर २०२३

चि. सौ. सिंधुस, व्यंकट आणि अयोध्या यांचे अनेक आशीर्वाद.

त्या दिवशी तू तोंडावर पदर घेऊन पाठमोरी होतीस, म्हणून जे दिसलं नसेल ते लिहितो. निजलेल्या माणसाला फेटा बांधायचा तर डोकं मांडीवर घ्यावं लागतं. आरतीचं डोकं घेतलं. पोरीनं डोळे मिटले होते आणि श्वास धरला होता. अण्णांचाच फेटा, घडीवर विरलेला, मला वाटलं फाटेल. फाटला नाही. पहिला वेढा कानावरून, दुसरा कपाळावरून. आनंदराजनं मधेच थांबा म्हटलं म्हणे, मला कुठलं ऐकू यायला! शेमला खांद्यावर सोडला आणि मग वर बघितलं, तर सत्तर माणसं भोवती उभी होती. तो पोरगा म्हणाला की पुन्हा घ्यायची गरज नाही. गावाकडं येताना गाडीत तुझ्या वहिनीनं माझा हात धरला. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, तिनं चारचौघांत असं कधी केलं नव्हतं.

आता खरं सांगायचं ते. अण्णांचं पित्र आपण दरवर्षी नवमीला घालत आलो, बायकांच्या पित्रासोबत. गावातली एखादी बाई जेवू घालायची, तिला खण द्यायचा. आप्पांनी सुरू केलं, मीही तेच चालवलं. या वर्षी वहिनीच म्हणाली की ज्या तिथीला गेले त्या तिथीला घाला, आणि गडीमाणूस बसवा. मग परवा पंचमीला सुदामकाकाला बोलावलं. तुला आठवत असेल, अण्णांबरोबर तीस वर्षं औत हाकलेला. आता नव्वदीला आलाय, वैजनाथनं धरून आणला. भावकीतलेही दहाबाराजण जेवायला सांगितले होते. वहिनीनं कढी, वडे, गवारीची भाजी, खीर, सगळं केलं. काकाला टोपी-टॉवेल दिला.

पानावर बसल्यावर काकानं विचारलं की मी कोणाच्या नावानं जेवायचं. मी सगळ्यांदेखत सांगितलं की अण्णाच्या. बहिरा माणूस मोठ्यानंच बोलतो, पण त्या दिवशी मी मुद्दाम मोठ्यानं बोललो. मलप्पा खाली बघायला लागला.

म्हातारा हातात घास घेऊन माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला की म्हंजी आजपतुर तुम्ही त्यानला उपाशीच ठेवलं म्हणा की.

मी हाव म्हटलं, तेवढंच. मग तो जेवायला लागला. सावकाश, एकेक जिन्नस बघून जेवला. वडे मागून घेतले, खीर तीनदा घेतली. वहिनी बस म्हणेना, तोही बस म्हणेना. पान चाटूनपुसून झाल्यावर त्यानं पोटावरून हात फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की आज अण्णा पोटभर जेवले.

हे तुला कळवावं म्हणून लिहिलं. बाकी सर्व ठीक. आता माया मागायला जीभ रेटते आहे, तर दादावर ती असू दे.

तुझा,
व्यंकट