घेवरचंदशेठ दारावर बसले तेव्हा

जळगाव, चैत्र

तीर्थरूप अक्का, धाकट्या लीलाधरचा नमस्कार. वर ‘श्री’ घातलेला नाही तो कमलच्या सुतकामुळे, रागामुळे नव्हे. शिंदखेड्याला तुझे गुडघे कसे आहेत? मामीच्या दारावर सांत्वनाला यायला आईचे गुडघे तयार नाहीत, असं तुझ्या भूषणने कळवलं. गुडघ्यांना जपावं. मी फोन केला असता, पण फोनवर तू बोलू देत नाहीस आणि मला बोलता येत नाही.

आपल्या बिल्डिंगचं तुला ठाऊक आहे. फ्लॅट आपले, जमीन घेवरचंदशेठची, आणि तिचा भाडेपट्टा येत्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेलाच, संपतो. मुदतीआधी सगळ्या फ्लॅटवाल्यांनी सह्या करून मागणी शेठच्या हातात दिली, तर त्यांनी पट्टा वाढवायचा, नाहीतर जमीन सोसायटीला विकायची, असं कलम आहे. मागणी राहिली, तर जमिनीबरोबर आपल्या भिंतीही त्यांच्या. कमल सेक्रेटरी. दवाखान्यातही तिचं हेच चाललं होतं (सलाईनच्या हाताने भेटायला आलेल्यांच्या सह्या घेतल्या, त्यातला एक कंपाउंडर निघाला). पण शेठ सापडेनात. रजिस्टर पत्रं परत यायची. दुकानात विचारलं तर शेठ पहूरच्या घरी, पहूरला विचारलं तर दुकानात. आणि मीटिंगला सभासद कधी धड जमले नाहीत.

दारावर मात्र सगळे जमले. भांडलेला माणूसही दारावर येतोच (हे तुला उद्देशून नाही). एके दुपारी खुद्द शेठ आले, बायकोला, धापूबाईंना घेऊन. त्या आत बायकांत गेल्या. आपले चेअरमन लोटननाना यांनी शेठना माझ्याशेजारी भिंतीकडे बसवलं आणि स्वतः दारात मांडी घातली. थोडं बसून शेठ उठू लागले, तर नाना म्हणाले, “बठ्ठा बसेल शेतस शेठ, तुम्ही बी बसा. घरधनी ‘बरं’ म्हणत नाही तोवर दारावरून उठू नये.” ही रीत मी पहिल्यांदाच ऐकली. मी एरवीही काही म्हणत नाही. शेठ माझ्याकडे बघत राहिले, मी सतरंजीकडे.

मग नाना हळूच म्हणाले, “कमलताईंची एक इच्छा राहिली.”

“सांगा ना. पाणपोई? स्मशानात बाक?”

“जमीन,” नाना म्हणाले आणि सह्यांचा कागद त्यांच्या मांडीवर ठेवला.

तेवढ्यात आतून धापूबाईंचा आवाज, “घ्या की आता. पहूरला माळ्यावर लपून लपून कंबर धरली तुमची.”

अक्का, मला हसू फुटलं. कमलला जाऊन पुरते चार दिवस झाले नव्हते, आणि मला हसू. उपरणं तोंडावर दाबलं तर खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी. ते मात्र नंतर थांबेना. “रडू नका भाऊ,” शेठ स्वतःच रडत म्हणाले, “पट्टा वाढवून देतो.” तेव्हा कुठे मी “बरं” म्हणालो.

उंबऱ्यात त्यांनी डोळे पुसून सह्या मोजल्या. शेवटी व्यापारी माणूस.

तुझा,
लीलाधर

ता. क. एक सही कमी निघाली. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटची, तुझी. कमल म्हणायची, “मी मेल्याशिवाय अक्का माझ्या दारात यायच्या नाहीत.” तिने तिच्याकडचं केलं आहे.

आणखी एक. सही करायची नसली तरी ये. बिबड्यांचे पापड आधी कुणी वाळत घालायचे यावरून तुमचं बोलणं बंद झालं, ती गच्ची यंदा सगळी मोकळी पडली आहे. मला बघवत नाही.