शर्टाची इस्त्री

मंगरूळपीर, रविवार, दिवेलागणीची वेळ

आज साप्ताहिकात माझं सिनेमाचं परीक्षण छापून आलं. 'शैलीचा अतिरेक, आशयाचा दुष्काळ.' जागरणं करून लिहिलं होतं. कोणी हूं का चूं केलं नाही. अन् माझा मामेभाऊ गजानन! तोच मारधाडीचा सिनेमा आमच्यासंगच पाह्यला, अन् मोबाईलवर मिनिटभराचा व्हिडिओ टाकला, "हिरोनं पन्नास जणाले लोळवलं, पण शर्टाची इस्त्री नाही मोडली. याचा इस्त्रीवाला कोण हाय बाप्पा?" बस! आता पानठेल्यापासून स्टँडपर्यंत सगळे इस्त्री, इस्त्री करून राह्यले.

जळतो मी. कायले लपवू?

अन् ती इस्त्री त्याची हायच कुठं? टॉकीजमध्ये माझी बायकोच माझ्या कानाशी हे बोलली होती. मी म्हटलं, "चूप बस, मले सिनेमा समजून घेऊ दे." गजानन मागच्याच खुर्चीवर होता.

आत्ता ती माझा शर्ट इस्त्री करता करता त्याचा व्हिडिओ पाहून राह्यली. स्वतःचंच बोलणं तिच्या ध्यानात नाही. हसून हसून डोळ्याले पदर लावला अन् म्हणते, "गजाननभाऊजीले कसं सुचते हो असं! तुमाले काहून नाही सुचत?"