बोट घालून बघ आधी

बाबा,

तुमचं शेवटचं झाड मी मारतेय. ‘मरतंय’ लिहिणार होते, पण तुम्ही असतात तर तिथल्या तिथे दटावलं असतंत. ते उभ्या पात्यांचं, नर्सरीवाले ज्याला स्नेक प्लांट म्हणतात आणि तुम्ही नुसतं पातीचं झाड म्हणायचात, तेच. मला मालवणात शाळेत नोकरी लागली, खोली घेतली, तेव्हा ओरोसहून एसटीत मांडीवर धरून आणलं होतंत. खिडकीत ठेवलंत आणि म्हणालात, “ह्येका मारूचा म्हटला तरी मरूचा नाय.” घ्या, मी मारून दाखवलं! पाती बुडापासून पिवळी पडलीयेत. काल एक जरा धरलं तर अलगद हातात आलं, खाली सगळं मऊ, आणि वास असा की खिडकी उघडावी लागली. तुमच्यामागे तुमच्या आणखी दहा कुंड्या मी इथे आणल्या होत्या. त्या दहाही गेल्या, ही अकरावी.

मे महिन्याची सुट्टी होती, मी पाचवीत असेन. तुम्ही मला ऑफिसात नेलंत. शिपायाच्या कामात कुंड्या नव्हत्याच, तुम्हीच त्या अंगावर घेतल्या होत्यात. त्या दिवशी कुणी मोठे साहेब यायचे होते, म्हणून हेडक्लार्क कापसाच्या बोळ्यानं पानांना खोबरेल लावत बसलेले. तुम्ही त्यांच्यापुढे हात बांधून उभे राहिलात आणि एकदम शुद्ध बोलायला लागलात, “भाऊसाहेब, तेलानं पानांची भोकं बुजतात, वर धूळ बसते. ओल्या फडक्यानं पुसलं तरी पुरे.” ते गेले तसे माझ्याकडे वळून म्हणालात, “झाडांक काय लग्नाक जावचा आसा?” मी हसून हसून बेजार. कुणी उरलेला चहा कुंडीत ओतायचं, खत म्हणून, आणि मुंग्या लागल्या की तुम्हाला हाक मारायचं. कुणी नवी चकचकीत चिनी मातीची कुंडी आणलेली, तिला खाली भोकच नाही. ती उलटी करून तुम्ही कपाळावर हात मारलात, “मग पाणी जातला खंय?”

आणि मग मी शहाणपणा केला. कोपऱ्यातल्या एका झाडाची पानं पिवळी दिसली, बिचारं तहानलंय म्हणून तांब्या भरून आणला. तुम्ही माझ्या मनगटावर चापट मारलीत. आयुष्यात एकदाच मारलंत मला, तेही झाडापायी. “पिवळा झाला म्हणजे तहानला, असा कोणी सांगल्यान तुका? बोट घालून बघ आधी.” मी दोन पेरं बोट खुपसलं. आत गार चिखल. मुळं पाण्यात गुदमरली की झाड सुकल्यासारखंच दिसतं, म्हणून माणसं आणखी पाणी घालतात आणि त्याला पुरतं मारतात, हे तुम्ही मला तिथे बाकावर बसवून सांगितलंत. मी रडत होते. तुम्ही माझं बोट तुमच्या शर्टाला पुसलंत आणि म्हणालात, “झाडाची नाय गो ती तहान, तुझी आसा.”

हे सगळं मला पाठ आहे. स्टाफरूममध्ये मीच सगळ्यांना सांगते. मोठी कुंडी दिली की झाड मोठं होतं असं नाही, उलट माती ओली राहून मुळं कुजतात. मासळी धुतलेलं पाणी माडाच्या आळ्यात ठीक, घरातल्या कुंडीत ओतू नका. पावसात आपल्याकडे हवाच ओली, रोज पाणी कशाला? सगळ्या वह्या काढून लिहून घेतात. “बाई, तुमच्या हाताला गुण आहे हो,” म्हणतात. ऐकून मी घाईनं वर्गाकडे निघते. कारण घरी आल्यावर पाय धुवायच्या आधी मी तांब्या उचललेला असतो.

कधीपासून, ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या किडन्या गेल्या आणि डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं. मी बाटलीला पट्टी चिकटवली, दिवसाचं तेवढंच. तुम्ही कधी तक्रार केली नाहीत, ओठ ओले करून पडून राहायचात. शेवटच्या दिवशी सकाळी हॉस्पिटलात डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाले, “आता पथ्य राहू दे. मागतील ते द्या.” मला कळलं होतं, बाबा. कळलं नाही असं मी सगळ्यांना सांगत आले, पण कळलं होतं. पट्टी काढली असती तर तुम्ही जाणार हे मी मान्य केल्यासारखं झालं असतं. ते मला जमेना. दुपारी तुम्ही म्हणालात, “गो चेडवा, घोटभर दी.” मी म्हणाले, “संध्याकाळसाठी ठेवूया ना थोडं.” तुम्ही बाटलीकडे बघितलंत, मग माझ्याकडे, आणि मान हलवलीत. जणू मीच बरोबर होते. संध्याकाळ झालीच नाही. बाटलीत चार बोटं पाणी तसंच होतं.

ते पाणी मी घरी आणून ह्याच झाडाला घातलं. तेव्हापासून हात थांबत नाही. लोक म्हणतात, दिवस जातील तसं हलकं होईल. कसलं हलकं! हे झाड अजून वाचेल, तेही मला माहीत आहे. कुंडीतून काढायचं, कुजलेलं सगळं कापायचं, दोन दिवस उघडं सुकू द्यायचं, मग रेती घातलेल्या कोरड्या मातीत लावून बरेच दिवस पाण्याचं नाव घ्यायचं नाही. एक पातं चांगलं आहे, तेवढं पुरतं. जमिनीवर पेपर पसरून ठेवलाय, सुरी ठेवलीय. सकाळपासून ते तसंच आहे. डोळ्यांसमोर कुणाला तरी कोरडं ठेवायचं, हे पुन्हा माझ्यानं होणार नाही. आणि नाही केलं तर आठवड्याभरात तुमच्या हातचं घरात काहीच उरणार नाही.

हे पत्र कुठे टाकणार? पेपराखाली सारून ठेवीन. एक सांगायचं राहिलं. संध्याकाळ झालीच नाही, असं वर लिहिलं ना, तिथे मी मध्येच उठले होते. तांब्याभर घालून आले. बोट घालून बघितलं नाही.