वीज, कॅमेरा आणि इस्त्रीचं टेबल

१२ एप्रिल, रात्री ८
ठरलं. आपण विजेचा फोटो काढायचा. ऑफिसच्या कॅलेंडरवर दरवर्षी हेडक्लार्कचा सूर्योदय छापतात. सूर्याचं काय कौतुक? रोज त्याच जागी उगवतो. वीज पकडायला जिगर लागते. बजेट बेताचं आहे, कॅमेरा स्वस्तातलाच घ्यायचा. दोन दिवसांत फायनल.
हिला प्रमोशन मिळालंय, बदलीसकट. एक जूनला दुसऱ्या गावी हजर व्हायचंय. तुम्ही आमच्याबरोबर येणार की इथेच राहणार, एवढं सांगा, म्हणाली. म्हटलं, सांगतो. निर्णय घेण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. आधी कॅमेरा.

१४ एप्रिल
दुकानदाराने समोर एक जुना, वापरलेला कॅमेरा ठेवला. म्हणाला, विजेसाठी हा भरपूर झाला. मॅन्युअल मोड आहे, शटर पंधरा-वीस सेकंद उघडं राहतं, खाली ट्रायपॉड लावा आणि वाट बघा. मी कसलं गिऱ्हाईक आहे ते ओळखलंच नाही त्याने. पहिल्याच दुकानात पहिलीच वस्तू घ्यायला मी काय बावळट आहे?
परत आलो. आता रिव्ह्यू वाचणार.

२ मे
रिव्ह्यू चालू. संध्याकाळी तासभर विजा चमकत होत्या. बघितल्या नाहीत, सेन्सरवरचा व्हिडिओ मोक्याच्या जागी आला होता. मेहुणा फोनवर म्हणाला, भावजी, घ्या ना कुठलाही! ह्याला काय कळतंय? स्वतः लग्नाचे फोटो मोबाइलवर काढतो.
हिने कन्येचा तिकडच्या शाळेतला प्रवेशसुद्धा उरकला. मला न विचारता! ही म्हणते, तीनदा विचारलं, तुम्ही हं म्हणालात. हं म्हणजे हो कधीपासून व्हायला लागलं?

११ मे
घेतला! सखोल अभ्यासाअंती. योगायोगाने तोच, दुकानदाराने पहिल्या दिवशी दाखवलेला. तो हसला. हसू दे.
ट्रायपॉडला पैसे उरले नाहीत. पण डोकं कशासाठी असतं? इस्त्रीचं टेबल गॅलरीत आणलं. उंची अगदी बरोबर. ही आता जमिनीवर सतरंजी घालून इस्त्री करते. कंबर धरते म्हणाली. सवय होईल.

१५ मे
फोकस. दुकानदार सांगत होता, लांबचा दिवा बघून करा, वीज लांब असते. त्याच्यापेक्षा जास्त वाचलंय मी. कन्येला छत्री देऊन खाली फाटकापाशी उभं केलं आणि तिच्यावर फोकस केला. आभाळ गडगडत होतं. पोरगी कानांवर हात ठेवून रडायला लागली. हलू नकोस, असं वरून ओरडावं लागलं. आठ वर्षांची घोडी झाली तरी विजेला घाबरते!
फोकसच्या रिंगला चिकटपट्टी लावून टाकली. आता इकडची दुनिया तिकडे होवो, फोकस हलणार नाही.

२० मे
घरात नवा नियम. शटर उघडं असताना कोणी चालायचं नाही, बोलायचं नाही. फरशी हलते. कन्या शिंकली, एक फ्रेम गेली. दिवसभर अबोला धरला तिच्याशी. शिस्त हवी.
ही म्हणाली, तीस तारखेला संध्याकाळी टॅक्सी सांगितली आहे, तोवर हो की नाही ते... पुढचं ऐकलं नाही. शटर उघडं होतं. मी ओठांवर बोट ठेवलं.

२९ मे
घरभर खोकी. खरं सांगायचं तर माझं मनातून ठरलंय. जायचं. ह्या दोघींशिवाय मी इथे करणार काय? उद्या सकाळी चहा घेताना सांगून टाकतो. तोंड बघण्यासारखं होईल हिचं.

३० मे, संध्याकाळी ७
चहाच्या वेळी जमलं नाही, बॅटरी चार्ज करत होतो.
पण आज वीज पकडली!! साडेसहाला आभाळ काळंकुट्ट. मी गॅलरीत तयार. खाली टॅक्सी आली. हिने फाटकापाशी थांबून हाक मारली, येताय का? नेमकं तेव्हाच शटर उघडलं होतं! ओरडलो असतो तर टेबल हललं असतं. हाताने खूण केली, थांब. तेवढ्यात काय कडाडली म्हणता! शटर मिटलं, फोटो सेव्ह झाला, मग धावत खाली गेलो.
टॅक्सी गेली होती. पंधरा सेकंदसुद्धा थांबवत नाही माणसांना. शिवाय फाटकापाशी माझी निळी बॅग टाकून गेली. जाता जाताही पसारा! उचलून आणली. जड आहे. नंतर बघू.

२ जून
फोटो मोठा करून आणला. वीज म्हणजे कोपऱ्यात सांडलेलं दूध. पार फिस्कटली आहे. ऑफिसात साहेबांनी विचारलं, ह्यात वीज कुठे आहे?
फाटक मात्र लख्ख. दुकानदार म्हणाला, बाईंवर फोकस काय जमलाय! कन्येचे हात कानांवर. ही वर बघते आहे, थेट माझ्याकडे. एक हात टॅक्सीच्या उघड्या डिकीवर, दुसऱ्या हातात माझी निळी बॅग.
हिला फोन लावला. उचलत नाही.
आत्ता बॅग उघडली. माझे सगळे शर्ट आहेत. कडक इस्त्रीचे.