तीन पायांची शर्यत आणि तुमचं कात्रण

आदरणीय वन्संना,

बसल्या जागेवरून नमस्कार. उठून, वाकून करायची इच्छा होती, पण पाय ऐकत नाही. का ते पुढे येईलच. तुमची मान आता दोन्ही बाजूंना वळते का? भावोजींचा खोकला कमी आहे का, की अजून दाराची बेल वाजल्यावरच त्यांना उबळ येते (म्हणजे दार तुम्हाला उघडावं लागतं)? मी तुम्हाला वन्संच म्हणणार, आधीच सांगते. घटस्फोटाच्या कागदावर सही तुमच्या भावाने केली, तुम्ही नाही. त्यामुळे तुमचं पद अबाधित आहे.

तर, तुम्ही पाठवलेलं वर्तमानपत्राचं कात्रण मिळालं. ‘एका पालकाच्या घरात वाढणारी मुले मागे पडतात का?’ असा मथळा, आणि त्या प्रश्नचिन्हाखाली तुम्ही लाल पेनाने दोन रेघा ओढल्या आहेत. सोबत चिठ्ठी नाही, ‘सहज पाठवलं’ नाही, काही नाही. वन्सं, तुमचा हेतू चांगला असणार हे मला मान्य आहे. पण दोन रेघा मारलेलं प्रश्नचिन्ह पाहून माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला, तो मी इथे सभ्य शब्दांत मांडायचा प्रयत्न करते आहे. जमलं नाही तर लाल पेनाला दोष द्यावा.

कात्रण मी कामावरच वाचलं. गाडी शिकवणाऱ्या बाईला वाचायला वेळ मिळतो तो शिकाऊ माणूस तिसऱ्यांदा गाडी बंद पाडून कपाळ पुसत असतो तेव्हा. त्या दिवशी शिकायला आली होती एक तरुण आई. तिचा नवरा मागे बसलेला (‘मी फक्त बघणार, बोलणार नाही’ असं म्हणून जे नवरे मागे बसतात त्यांच्यापैकी), आणि त्याच्या शेजारी त्यांची चार वर्षांची मुलगी. म्हणजे कात्रणाच्या हिशेबाने घर पूर्ण. बाई गिअर टाकायच्या आत मागून आवाज आला, ‘दुसरा टाक.’ बाई म्हणाली, ‘तू गप्प बस.’ मग वळणावर तो म्हणाला आरसा बघ, ती म्हणाली आरशात तूच दिसतोस. या सगळ्यात ती छोटी मुलगी बारीक आवाजात ‘मला शू लागली’ असं सांगत होती. मी स्वतः चार वेळा ऐकलं आणि दोन वेळा त्यांना सांगितलंही. पण आईला वाटलं बाप मागेच बसलाय, तो बघेल. बापाला वाटलं हे असलं आईच बघते. शेवटी माझ्या बाजूचा ब्रेक मीच दाबला, पण तोवर माझ्या गाडीची मागची सीट गेली होती. दोन पालक, वन्सं. दोन्ही शाबूत, दोन्ही हजर, मुलीपासून हातभर अंतरावर. आमच्या घरी माझ्या लेकीला, भिंगरीला, काहीही लागलं की ‘दुसरं कुणीतरी बघेल’ असं वाटायला दुसरं कुणी नसतं, म्हणून ते वेळेवर होतं. तुमच्या त्या संशोधकांनी हे कुठल्या तक्त्यात घातलंय ते मला तरी सापडलं नाही.

ओली सीट पुसून घरी येते तोच भिंगरीच्या शाळेची चिठ्ठी. पालकांच्या खेळांचा दिवस, आणि मुख्य आकर्षण काय, तर ‘आई-बाबांची तीन पायांची शर्यत’. खाली बारीक अक्षरात: ज्या विद्यार्थ्यांच्या घरी एकच पालक आहेत, त्यांनी कृपया प्रेक्षकांत बसून आनंद घ्यावा. मी ते वाक्य तीनदा वाचलं. आनंद घ्यावा. जणू आम्ही मायलेकी वर्षभर बिनआनंदाच्या बसलेल्या असतो.

दुसऱ्या दिवशी दोन शिकवण्या रद्द करून मी वर्गशिक्षिकेसमोर जाऊन उभी राहिले. त्या बाई स्वभावाने गोड आहेत, आणि गोड माणसाशी भांडणं फार कष्टाचं असतं. त्या म्हणाल्या, मुलीला कमीपणा वाटू नये हाच उद्देश. मी म्हटलं, माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, तिला कमीपणा वाटत नव्हता, चिठ्ठी आल्यावर वाटायला लागला. त्यावर त्यांनी थोडा विचार करून मला शेवटच्या रेषेवर फीत धरायचं काम देऊ केलं. म्हणजे दोन-दोन पालक धावत येणार आणि मी एकटी त्यांच्यासाठी फीत धरून उभी राहणार. एवढंच नव्हे, फितीचं दुसरं टोक कुठे बांधायचं यावर त्यांनी खांबाचा पर्यायही सुचवला. वन्सं, मी रोज नवशिक्या माणसांच्या शेजारी बसून ट्रकसमोरून जाते, माझ्या तोंडून कधी वावगा शब्द निघत नाही. त्या दिवशीही निघाला नाही. पण मी शर्यतीत माझं नाव घालूनच बाहेर पडले. जोडीदाराच्या रकान्यात ‘नंतर कळवू’ असं लिहिलं.

जोडीदार म्हणून माझ्या डोक्यात माझ्या सर्वांत जुन्या शिकाऊ होत्या, अडुसष्ट वर्षांच्या, निवृत्त परिचारिका. त्या आनंदाने तयारही झाल्या, आदल्या दिवशी आम्ही गॅरेजच्या मागे ओढणीने पाय बांधून सराव केला, आणि खरं सांगते, आम्ही सुरेख धावत होतो. पण आमच्या भिंगरीने (तुमची लाडकी, म्हणून तुम्ही तिची बाजू घ्याल, पण घेऊ नका) मधल्या मध्ये वेगळाच डाव मांडला होता. तिने तुमच्या भावाला फोन करून सांगितलं, आईने तुम्हाला शर्यतीला बोलावलंय. आणि शर्यतीच्या सकाळी मला सांगितलं, बाबा स्वतःहून येतायत, त्या नर्स आजींना मी नको म्हणून कळवलंय. एका आड एक रविवारी दारातून मुलगी द्यायची-घ्यायची आणि ‘स्वेटर दिलाय’ एवढंच बोलायचं, असे आम्ही दोघं. मैदानावर समोरासमोर आलो तेव्हा तो म्हणाला, ‘तू बोलावलंस म्हणून आलो.’ मी म्हटलं, ‘मी कुठे बोलावलं?’ आणि आम्ही दोघांनी एकदमच मागे वळून पाहिलं. भिंगरी आभाळाकडे बघत होती.

आता सगळ्या वर्गासमोर माघार घेणं शक्य नव्हतं. शिपायाने रुमालाने माझा उजवा आणि तुमच्या भावाचा डावा पाय बांधला. (गाठ घट्ट आहे का, असं त्याने विचारलं. आम्हाला.) तुम्हाला माहीतच आहे, तुमचा भाऊ नकाशे काढतो आणि मी गाडी चालवते, अशा जोडप्याचा रस्ता जन्मात चुकायला नको होता. चुकला तो याच कारणाने. मी म्हटलं, आधी बांधलेला पाय. तो म्हणाला, शास्त्राप्रमाणे आधी मोकळा पाय. शिट्टी वाजली. मी बांधलेला टाकला, त्याने मोकळा, आणि आम्ही जागच्या जागी एक अर्धी गिरकी घेतली. पण मग, का कोण जाणे, जमलं. तो माझ्या पायांकडे डोळ्यांत तेल घालून बघत होता आणि मी त्याच्या, कारण दोघांचाही एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता. बाकीची जोडपी विश्वासाने धावत होती आणि धडाधड पडत होती. निम्म्या मैदानात आम्ही पहिले होतो. भिंगरीचा आवाज मला ऐकू येत होता. असा आवाज तिने घरात कधी काढल्याचं मला आठवत नाही.

आणि तिथे तुमचा भाऊ बोलला. ‘जरा डावीकडे घे.’ एवढंच. वन्सं, अकरा वर्षांपूर्वी, भिंगरीच्या वेळेस, मला कळा सुरू झालेल्या असताना गाडीत हाच माणूस मांडीवर नकाशा पसरून ‘डावीकडे घे’ म्हणाला होता आणि आम्ही इस्पितळाऐवजी फर्निचरच्या गोदामात पोचलो होतो. मी पळता पळता म्हटलं, ‘डावीकडे गोदाम आहे.’ तो म्हणाला, ‘नकाशा जुना होता, हे मी तेव्हाही सांगितलं होतं.’ मी म्हटलं, ‘काढला कुणी होता?’ तो थांबला. मी थांबले नाही. शेवटच्या रेषेपासून चार हातांवर आम्ही आडवे झालो, माझा घोटा त्याच्या पायाखाली आला आणि कट् असा आवाज झाला. तरीही वाद चालूच राहिला, हे सांगायला मला लाज वाटते. सगळी जोडपी आमच्या बाजूने लंगडत पुढे गेली. आम्ही गवतात पडून गोदामाच्या फाटकाचा रंग कोणता होता यावर भांडत होतो.

भिंगरी येऊन आमच्या डोक्याशी उभी राहिली. रडत नव्हती. तिने वाकून गाठ सोडली आणि म्हणाली, ‘तुम्ही वेगळे राहता तेच बरं आहे. पण पळत छान होता.’

मग आम्ही इस्पितळाकडे निघालो. माझी गाडी त्याने चालवली, मी शेजारी, पाय वर. चौकात आल्यावर इस्पितळ कुठल्या बाजूला ते आम्हा दोघांनाही माहीत होतं, पण बोलायची कुणाची छाती झाली नाही. मागच्या सीटवरून भिंगरी म्हणाली, ‘सरळ, मग उजवीकडे.’ आणि आम्ही पोचलो. डॉक्टरांनी तीन आठवड्यांचं प्लास्टर घातलं.

म्हणून तुमच्या कात्रणाला माझं उत्तर असं की, मुलाला पालक एक हवा की दोन, हा प्रश्नच चुकीचा मांडलाय, आणि ज्यांनी मांडला त्यांना एकदा माझ्या गाडीत मागे बसवून फिरवायला हवं (सीट आता वाळली आहे). माझी मुलगी कुठेही मागे पडलेली नाही. पडले ते आम्ही, तेही दोघं असताना. आमचं घर एका माणसाच्या जिवावर उत्तम चाललंय, मला कुणाची गरज नाही, आणि यापुढे असली कात्रणं भावोजींचा डबा बांधायला वापरावीत, ही नम्र विनंती. मानेला जपा.

तुमची,
कागदोपत्री नसलेली वहिनी

ता. क. प्लास्टर घातल्यापासून मी दोन जिने उतरू शकत नाही, म्हणून तुमचा भाऊ रोज सव्वासातला येऊन भिंगरीला शाळेत सोडतो. वेणीही तोच घालतो. माझ्यापुढे ही मुलगी वेणीला दोन मिनिटं स्थिर बसत नाही. त्याच्यापुढे वीस मिनिटं बसते आणि शाळेतलं सगळं सांगते. यातलं निम्मं मला माहीत नव्हतं. मी आतल्या खोलीतून ऐकते. चिडूनच ऐकते.

ता. क. २. प्लास्टर सोमवारी निघतंय. काल जाताना त्याने विचारलं, ‘म्हणजे सोमवारपासून मी यायचं नाही ना?’ प्रश्नातच ‘नाही ना’ असल्यावर माणूस दुसरं काय बोलणार? मी ‘नाही’ म्हटलं. त्याने भिंगरीचा कंगवा दोनदा जागेवर ठेवला आणि गेला. तर तुम्ही त्याला एक फोन करा. माझं नाव घेऊ नका. सांगा की डॉक्टरांनी प्लास्टर निघाल्यावरही दोन आठवडे जिने उतरू नका म्हणून बजावलंय. डॉक्टरांनी तसं काही म्हटलेलं नाही. पण तुमचा आवाज खोटं बोलतानाही खरा वाटतो, हे मी लग्नात पाहिलंय.

ता. क. ३. पत्र टपालात टाकायला भिंगरीकडे दिलं होतं, ते तिने जिन्यात उघडून वाचलं (ही सवय कुणाकडून आली ते तुम्हीच ठरवा). तिचं म्हणणं, दोन आठवडे फार कमी आहेत, आत्याला परीक्षेपर्यंत सांगायला लाव. परीक्षा पाच महिन्यांनी आहे. मी तिला खूप बोलले. तुम्ही परीक्षेपर्यंतच सांगा.