बावडीतला मारोती

घनश्यामच्या बाबाले, शकुनचा नमस्कार.

सगळ्यात आधी शेजारची सुशीला धावत आली, हाताले पीठ तसंच. "काकू, भंडाऱ्याहून मानसं बावडी पाहाले आली!" मले वाटलं, बुजवालेच आली. बावडी बुजवून गाड्यांसाठी जागा कराचं चाललं आहे ना! पन हे जुन्या दगडांचे जानकार निघाले. कमानी पाहून थकेचनात.

मंग पायऱ्यांवरच्या आपल्या मारोतीजवळ आले. उन्हानं शेंदूर फुगलाच होता, त्याची मोठी खपली आपोआप गळून पडली. आत मारोती नाहीच! मांडीवर लेकरू घेतलेली बाई! सारा मोहल्ला हासून राहिला. नवी नवरी होती तवा मी तिथंच लेकरू मागाले जायची, अन् तुमी चिडवत, "येडे, ब्रह्मचाऱ्याले कायले लेकरू मागतेस?" आता बोला!

नुसतं तुमच्या हार घातलेल्या फोटोले सांगून मन भरत नाही, म्हनून लिहून राहिली. त्या देवीच्या ओटीचा खन काढून ठेवला आहे. त्या जानकाराइचे साहेब म्हनाले, "आजी, अशी बावडी बुजवू देनार नाही. थांबवाचा कागद घेऊनच येतो."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, लेकराइच्या तान्ह्या पोळ्याले येतो म्हनाले.

तुमचीच,
शकुन